बाकी माहीत, भागाकार गायब : दोन अँटेनांमधलं ठरलेलं अंतर कशासाठी?



"भागाकार कॅल्क्युलेटर करून देतो, मग बाकी काढायला कशाला शिकायची?" हा प्रश्न पाचवीतली मुलं विचारतात आणि पालकसभेत पालकही विचारतात. आजच्या लेखात या प्रश्नाला एक चांगलं, खरंखुरं उत्तर आहे. ते शोधायला मात्र थोडं आकाशात, उपग्रहांपर्यंत जावं लागेल. गणित सातवीच्या पुढे जाणार नाही.

आधी एक साधी गोष्ट. मोबाईलमधला नकाशा आपण कुठे आहोत ते सांगतो. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. पण आपण एका जागी उभे असू तर आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे त्याला उपग्रहांवरून कळत नाही. चालायला लागलो की आधीची जागा आणि आताची जागा जोडून तो दिशा काढतो. उभे असताना तो फोनमधल्या चुंबकीय होकायंत्राचा आधार घेतो. जवळ लोखंडी कपाट असेल तर बाण कसा भरकटतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता समजा फोनऐवजी लोखंडी जहाज आहे आणि ते बंदरात धक्क्याला लागतंय. अगदी सावकाश सरकतंय, म्हणजे चालण्यावरून दिशा काढायची सोय नाही. सगळीकडे लोखंड, म्हणजे चुंबकावरही पूर्ण भरवसा नाही. किंवा आपोआप सरळ तास धरून जाणारा ट्रॅक्टर घ्या. तो शेताच्या बांधाशी वळतो तेव्हा त्याचं नाक नेमकं कुठे आहे हे कळायला हवं. अशा ठिकाणी एक युक्ती वापरतात. एकाच्या जागी दोन अँटेना बसवायच्या, एका कडक पट्टीच्या दोन टोकांना. पहिल्या अँटेनापासून दुसरी कुठल्या बाजूला आहे हे कळलं की दिशा कळली.

पण इथे अडचण येते. पट्टी असते मीटरभर लांब, आणि साध्या जीपीएसची चूक असते पाच मीटर! पाच मीटरच्या चुकीने एक मीटरच्या पट्टीची दिशा कशी काढणार?

म्हणून इथे वेगळं मोजमाप वापरतात. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ लहर पाठवतो. तिची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ असते आणि एका लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर भरते. मुलांना सांगताना मी म्हणते, "जवळजवळ एक वीत." (मोठ्या माणसाची वीत याहून थोडी मोठी असते, पण मुलांना ते लगेच पटतं.) साध्या फोनचं मोजमाप लहरीवर चढवलेल्या सांकेतिक नमुन्यावरून होतं. त्या नमुन्याचा एकेक तुकडा सुमारे २९३ मीटर लांबीचा, त्यामुळे काही मीटर इकडेतिकडे होणारच. पण खुद्द लहरीकडे बघितलं, तर ती आत्ता आपल्या वितीच्या कुठल्या भागात आहे, चढतीवर की उतरतीवर, हे चांगलं यंत्र एका लहरीच्या शंभराव्या भागापर्यंत ओळखतं. शंभरावा भाग म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर!

मग सगळेच तसं का मोजत नाहीत? कारण लहरी सगळ्या सारख्या दिसतात. एकीवरही क्रमांक लिहिलेला नसतो. यंत्राला कळतं की "कितीतरी पूर्ण लहरी आणि वर तीन सेंटिमीटर". ते 'कितीतरी' म्हणजे किती, हे कळत नाही. उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा दहा कोटींहून जास्त लहरी मावतात.

आता फळ्यावरचं जुनं सूत्र आठवा :

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी

इथे भाजक माहीत आहे, १९ सेंटिमीटर. बाकी माहीत आहे, तीही मिलिमीटरपर्यंत. भागाकार गायब आहे. तो पूर्ण संख्या आहे एवढंच आपल्याला माहीत. उपग्रहाने अचूक जागा काढणाऱ्या सगळ्यांचं मुख्य डोकेदुखीचं काम म्हणजे हा हरवलेला भागाकार शोधणं. एकदा तो सापडला की मीटरची चूक थेट मिलिमीटरवर येते. चुकीचा सापडला तर उत्तर तेवढ्याच ऐटीत चुकतं.

दोन अँटेना असल्या की काम थोडं हलकं होतं. उपग्रह इतका लांब आहे की त्याच्या लहरी आपल्यापर्यंत सरळ रांगांसारख्या येतात. समुद्रकिनारी पाय फाकून उभं राहिलं आणि लाट तिरकी आली तर एका पायाला आधी लागते, दुसऱ्याला नंतर. तसंच इथे. त्यामुळे दहा कोटी लहरी मोजायची गरज नाही. दोन अँटेनांमधला फरक तेवढा मोजायचा. फरक घेतल्याने उपग्रहाच्या घड्याळाची चूक आणि वातावरणामुळे झालेला उशीरही उडून जातो, कारण दोन्ही अँटेनांना तो सारखाच लागतो. वर्गातला वजनकाटा २०० ग्रॅम जास्त दाखवत असेल तरी दोन मुलांच्या वजनातला फरक बरोबरच येतो ना? तेच तत्त्व. यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाची चूक घालवायला मग दोन उपग्रहांचे फरक एकमेकांतून पुन्हा वजा करतात. हा तपशील मुलांना नाही सांगितला तरी चालेल.

आता उदाहरण करू. हे मी वर्गासाठी मुद्दाम सोपं केलंय. खरे उपग्रह आकाशात वर असतात, आपण त्यांना जमिनीलगत क्षितिजावर ठेवू. म्हणजे आलेख कागदावर काम भागतं.

अँटेना 'अ' मध्यभागी. अँटेना 'ब' तिच्यापासून बरोबर १०० सेंटिमीटरवर, पण कुठल्या दिशेला ते माहीत नाही. एक उपग्रह थेट पूर्वेला, एक थेट उत्तरेला. पूर्वेचा उपग्रह सांगतो : ब ही अ पासून पूर्वेकडे जितकी आहे, त्याला १९ ने भागल्यावर बाकी ३. उत्तरेचा सांगतो : उत्तरेकडच्या अंतराला १९ ने भागल्यावर बाकी ४.

पूर्वेकडचं अंतर मग किती असू शकतं? ३, २२, ४१, ६०, ७९, ९८. उलट बाजूला, म्हणजे पश्चिमेकडे, −१६, −३५, −५४, −७३, −९२. एकूण ११ शक्यता. (ऋण संख्येत बाकी ३ कशी, असं मुलं विचारतीलच. −१६ म्हणजे १९ × (−१) + ३.) उत्तरेकडे ४, २३, ४२, ६१, ८०, ९९ आणि −१५, −३४, −५३, −७२, −९१. याही ११. कुठलीही पूर्वेची, कुठल्याही उत्तरेच्या शक्यतेशी जोडता येते. ११ × ११ = १२१ जागा. ब यांपैकी कुठेही असू शकते!

इथेच ठरलेलं अंतर कामाला येतं. ब कुठेही असली तरी अ पासून १०० सेंटिमीटरवरच असणार, पट्टी कडक आहे. म्हणजे ती १०० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर असलीच पाहिजे. पायथागोरसचा सिद्धांत लावा. पूर्वेचा वर्ग अधिक उत्तरेचा वर्ग, त्याचं वर्गमूळ १०० च्या जवळ यायला हवं. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल असं धरलं तर १२१ पैकी फक्त चार उरतात :

(६०, ८०) : अंतर १००
(७९, ६१) : अंतर ९९.८१
(४१, −९१) : अंतर ९९.८१
(−१६, ९९) : अंतर १००.२८

११७ शक्यता एका फटक्यात गेल्या. नवा उपग्रह नाही, महागडं यंत्र नाही, फक्त आपल्याला आधीपासून माहीत असलेली एक लांबी. आता अर्ध्या सेंटिमीटरऐवजी एक मिलिमीटरचीच सूट दिली तर एकच उरतं, (६०, ८०). म्हणजे पट्टी उत्तरेकडून पूर्वेला सुमारे ३७ अंश वळलेली आहे.

चुकीची शक्यता निवडली असती तर काय झालं असतं तेही बघा. (७९, ६१) घेतली तर दिशा सुमारे ५२ अंश येते, म्हणजे १५ अंशांचा फरक. (४१, −९१) घेतली तर जहाजाचं नाक दक्षिणेच्या बाजूला, सुमारे १५६ अंशांवर! पडद्यावर आकडा मात्र तेवढाच ठाम दिसतो, दशांश चिन्हासकट. मला या विषयातलं सगळ्यात शिकवण्यासारखं हेच वाटतं. आकडा बारीक आहे म्हणून तो बरोबर आहे असं नाही.

प्रत्यक्षात फक्त लांबीवर विसंबून राहत नाहीत, आणखी उपग्रह घेतात. आपल्या उदाहरणात पूर्वेकडून उत्तरेला सुमारे ३७ अंश वळलेल्या दिशेला तिसरा उपग्रह ठेवा. (इथे ३-४-५ चा त्रिकोण बसतो, म्हणून ०.८ × पूर्व + ०.६ × उत्तर एवढंच करायचं.) खऱ्या उत्तरासाठी ४८ + ४८ = ९६, १९ ने भागून बाकी १. बाकीच्या तिघांची बाकी येते ४.८, १६.२ आणि ८.६. तिसऱ्या उपग्रहाने "बाकी १" सांगितलं की तिघांचीही सुट्टी. गंमत म्हणजे हाच तिसरा उपग्रह बरोबर ईशान्येला असता तर (७९, ६१) पकडली गेली नसती. ६० + ८० आणि ७९ + ६१, दोन्ही १४०! ईशान्येकडून बघितलं तर दोन्ही जागा सारख्याच दिसतात. म्हणून उपग्रह किती आहेत याबरोबर ते आकाशात कुठे आहेत हेही महत्त्वाचं, आणि उपग्रहाला फरक दिसत नाही तिथे लांबी मदतीला येते.

खऱ्या जगात उत्तर वर्तुळाऐवजी गोलावर शोधायचं असतं, कारण ब वर-खालीही असू शकते, आणि एकाच वेळी आठ-दहा उपग्रहांचे भागाकार शोधायचे असतात. प्रत्येकाच्या ११ शक्यता धरल्या तरी गुणाकार कुठे जातो बघा. हे काम झटपट करणारी एक प्रसिद्ध पद्धत नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथले शास्त्रज्ञ पीटर टॉनिसन यांनी १९९३ मध्ये मांडली. तिचं नाव लॅम्डा. तिची कल्पना घरगुती भाषेत अशी : शक्यता ज्या भागात पसरलेल्या असतात तो भाग काकडीसारखा लांबुळका आणि तिरका असतो, त्यात शोधणं किचकट. मग आकड्यांची अशी अदलाबदल करायची की काकडीची मोसंबी होईल, पण पूर्ण संख्या पूर्णच राहतील. मोसंबीत मध्यापासून सुरुवात करून जवळचे दाणे तपासायचे. पुढे याच पद्धतीत अँटेनांमधली ठरलेली लांबीही घातली गेली. आधी सगळे उमेदवार काढून मग लांबीने गाळण्यापेक्षा, शोधतानाच लांबी विचारात घेतली तर उत्तर जास्त भरवशाने मिळतं. उपग्रह कमी दिसत असतील आणि एकाच वारंवारतेवर काम असेल, तेव्हा हा फायदा फार जाणवतो.

दुसरी वारंवारता असली तर अजून एक भाजक मिळतो. जीपीएसच्या दुसऱ्या लहरीची लांबी सुमारे २४.४ सेंटिमीटर आहे. एकाच अंतराची १९ ने भागून एक बाकी आणि २४.४ ने भागून दुसरी. दोन्ही जुळणाऱ्या जागा फार कमी असतात. वेगवेगळ्या भाजकांच्या बाक्यांवरून मूळ संख्या शोधण्याचं गणित आपल्याकडे 'कुट्टक' नावाने ओळखलं जातं, आणि ते आर्यभटाच्या इ.स. ४९९ मधल्या ग्रंथात आहे. उपग्रहवाले नेमकी तीच रीत वापरतात असं मी म्हणणार नाही, पण प्रश्नाची जात तीच.

"मग पट्टी चांगली पाच मीटर का नाही घेत?" हा प्रश्न हुशार मुलं विचारतात आणि तो विचारायलाच हवा. लांब पट्टीचा फायदा आहे. एक मीटरच्या पट्टीच्या टोकाला २ मिलिमीटरची आडवी चूक झाली तर दिशा सुमारे ०.११ अंशाने चुकते. दोन मीटरच्या पट्टीला तेवढीच चूक झाली तर निम्म्यानेच. पण आपल्या कागदावर दोन मीटरची पट्टी घ्या, १२१ च्या जागी चारशेच्या वर शक्यता होतात, आणि मोठ्या वर्तुळावर खोटे उमेदवारही जास्त बसतात. उलट पट्टी अगदी आखूड केली तर भागाकाराचा गोंधळच कमी होतो, पण दिशा ढोबळ येते. शिवाय लांब पट्टी वाकते, थरथरते. मग ठरलेलं अंतर ठरलेलं राहत नाही. उन्हाने मात्र फार बिघडत नाही. एक मीटर लोखंड ३० अंश सेल्सिअसने तापलं तरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमीच वाढतं.

आता सगळ्यात जपायची गोष्ट, लांबी चुकीची सांगितली तर? आपल्याच उदाहरणात १०० च्या जागी ९९.८ लिहा आणि सूट एक मिलिमीटरचीच ठेवा. फक्त दोन मिलिमीटरची गफलत. (७९, ६१) आणि (४१, −९१) दोन्ही पास होतात, कारण त्यांचं अंतर ९९.८१ आहे. आणि खरं उत्तर (६०, ८०) नापास! तिसरा उपग्रह असेल तर तो त्या दोघांनाही बाद करेल, मग यंत्राच्या हाती काहीच उरणार नाही. नसेल तर यंत्र खुशाल १५ अंश चुकीची दिशा दाखवेल. अंतर माहीत नसतं तर निदान चार उपग्रह जास्त बघून यंत्र थांबलं तरी असतं. चुकीचं माहीत असणं जास्त महागात पडतं.

म्हणून ही लांबी मोजताना काळजी घेतात. अँटेनाच्या प्लॅस्टिकच्या टोपणापासून टोपणापर्यंत मोजायचं नसतं. लहर जिथे 'पोचली' असं मोजलं जातं तो बिंदू आत असतो, आणि लहर कुठल्या कोनातून आली यावर तो किंचित सरकतोही. त्यामुळे दोन्ही अँटेना एकाच प्रकारच्या घेतात आणि एकाच बाजूला तोंड करून बसवतात. मग दोन्हींचा बिंदू सारखाच सरकतो आणि फरक घेताना ते सरकणं उडून जातं. (वजनकाटा पुन्हा आठवा.) काही यंत्रं मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ ठेवली की ही लांबी स्वतःच काढून जपून ठेवतात. संगणकाला लांबी सांगतानाही "बरोबर १००" असं न सांगता "१००, थोडंफार इकडेतिकडे" असं सांगणं शहाणपणाचं. किती थोडंफार, ते मोजणाऱ्याने आपलं मोजमाप ओळखून ठरवायचं. शेजारच्या पत्र्यावर किंवा भिंतीवर आपटून आलेली लहरही बाकीत गडबड करते. हा घोटाळा वाईट दिवशी चार-पाच सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून अँटेना उंच आणि मोकळ्या जागी लावतात.

एक लांबी पक्की मोजायची आणि बाकीचं सगळं तिच्या आधाराने काढायचं, ही कल्पना उपग्रहांच्या फार आधीची आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटरची एक रेषा साखळीने मोजली. त्या आधाररेषेवरून नुसते कोन मोजत मोजत भारताच्या मोठ्या सर्वेक्षणाचे त्रिकोण पुढे सरकत गेले. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं तोंड कुठे आहे हे काढायला त्याच्यावर चार जीपीएस अँटेना बसवलेल्या आहेत, त्यांच्यामधली अंतरंही अशीच आधी ठरलेली.

वर्गात करून बघायचं असेल तर साहित्य फार नाही. मोठा आलेख कागद, कंपास, पट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली. १ सेंटिमीटर = १० सेंटिमीटर हे प्रमाण घ्या, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या १० सेंटिमीटर होईल. पाचवीच्या मुलांकडून बाकी ३ आणि बाकी ४ च्या धन संख्यांच्या याद्या करून घ्या. सहावीची मुलं ऋण बाजू भरतील. १२१ ठिपके काढायला वेळ लागतो, दोन गटांत वाटून द्या. मग वर्तुळ काढा. त्या प्रमाणात अर्धा सेंटिमीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर, साधारण पेन्सिलीच्या रेषेएवढा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना (९८, २३) आणि (३, ९९) हेही वर्तुळावरच आहेत असं वाटेल आणि वाद होईल. होऊ द्या. सातवीच्या मुलांनी वर्ग करून निकाल द्यायचा : पहिल्याचं अंतर १००.६६, दुसऱ्याचं ९९.०५. शेवटी कागद पुसू नका, त्याच ठिपक्यांवर ९९.८ लांबी देऊन पुन्हा उत्तर काढायला सांगा आणि खरा ठिपका बाद होताना त्यांना बघू द्या.